खिसा असलेला बावटा

फॅल्मथला जहाजं घरी येत नसत, हुकूम घ्यायला येत.
चिलीहून सोरा भरून, केप हॉर्नचं मीठ शिडांवर वाळवत
चार-पाच महिन्यांनी खाडीच्या तोंडाशी उभी राहायची
आणि विचारायची, माल कुठे उतरवू?
आम्ही टेकडीवरून सांगायचो: हल. अँटवर्प. डंकर्क.
नांगर न टाकताच पुष्कळशी वळून जायची.

बाबांचा गुडघा त्या वर्षी पार गेला.
दोरी माझ्या हातात आली,
आणि ते पुस्तक, मेणकापडात गुंडाळलेलं,
सत्तर हजार वाक्यांचं.
'तुमचा नांगर घसरतो आहे.'
'सुतार वारला. दुसरा मिळेल का?'
'बटाटे हवेत.'
सगळं अठरा बावट्यांत.
अठरा व्यंजनं, स्वर एकही नाही.
बाबा म्हणायचे, लंडनच्या साहेबांना धास्ती होती,
स्वर दिले तर खलाशी भर समुद्रात शिव्या फडकवतील.
म्हणून ही पाय मोडलेली अक्षरं, एकाखाली एक,
वाऱ्यावर लंगडी घालत.

मार्चमधली सकाळ. दुर्बिणीत आधी चार बावटे आले,
ह् क् ड् ल्,
मग नाव: 'थॉमसिन हिक्स'.
त्यावर डिगरी, माझा भाऊ.
गेला तेव्हा सतरा, आता एकोणीस.
कचेरीतला पोऱ्या चिठ्ठी देऊन गेला होता:
डंकर्क. ताबडतोब. वारा बरा आहे.

मी पुस्तक चाळलं.
आग होती, साथ होती, बंड होतं,
पाण्याची पिंपं फुटली हेसुद्धा होतं.
'फेब्रुवारीत आई गेली' नव्हतं.
अक्षरं जुळवून सांगावं, तर
आई या शब्दात स्वरांवाचून दुसरं असतंच काय?
आ.
ई.
पेटीत अठरा बावटे, घडी घातलेले,
आणि एकही कामाचा नाही.

डंकर्क चढवलं.
तिकडून उत्तराचं निशाण, तांबडं-पांढरं,
सरळ टोकापर्यंत गेलं: समजलं.
समजायला काय होतं त्यात.

मग मी घरात गेले, दारामागच्या खुंटीवरून
तिचा एप्रन काढला.
निळ्या-पांढऱ्या चौकड्या, लांबून न् च्या बावट्यासारखा,
पण कमरेला बंद, आणि उजवीकडे खिसा,
त्यात अजून सुतळीचा गुंडा.
खिशावर तांबड्या फ्लॅनेलचं ठिगळ,
डिगरीनंच लावलेलं, शिडाच्या जाड टाक्यानं;
ती हसली होती, म्हणाली होती, आता मला वारा भरेल.
बंदांनीच दोरीला बांधला.
ओढला.

निशाण अर्ध्यावर आलं आणि थांबलं.
अर्ध्यावर म्हणजे, दिसलं, पण उमगलं नाही.
पेंडेनिसच्या किल्ल्यावरून एक ढग सरकत गेला.
बाबा खिडकीतून ओरडले, काय लावलंयस ते?
कप्तान पुस्तक चाळत असेल,
न् चं पान, मग मागचं, मग पुढचं.
ढग समुद्रावर आला. निशाण तिथेच.

मग ते वर गेलं.
हळू, हात-हात करत,
कोणीतरी एकट्यानंच ओढावं तसं.

शिडं वळली.

त्या जहाजाचा मेट पुढे एकदा गुत्त्यात भेटला.
म्हणाला, रोजनिशीत मी लिहिलंय बघ:
'टेकडीवर अनोळखी बावटा. पुस्तकात नाही. खिसा आहे.'
उत्तर कोणी दिलं, विचारलं.
त्याला आठवेना. दुसरा ग्लास मागवला.

डिगरी ऑक्टोबरात आला.
बूट उंबऱ्याबाहेर काढले, ती काढायला लावायची तसे.
आई कुठे, असं विचारलं नाही.
दार लोटून मागच्या खुंटीकडे बघत राहिला.
एप्रन होता तिथे. एक बंद वाऱ्यानं तुटलेला.
त्यानं माझ्याकडे सुई मागितली.